पायाखालचे क्रूस



प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात संत पौल अथेनै शहरात, म्हणजे आजच्या अथेन्समध्ये, एकटाच थांबलेला आहे. सिला आणि तीमथ्य मागून यायचे आहेत. हाताशी मोकळा वेळ आहे आणि समोर जगात गाजलेले एक प्राचीन शहर. पौल त्या शहरातून फिरतो. जागोजागी मूर्ती पाहून त्याचा जीव कासावीस होतो. पण पुढे लोकांसमोर उभा राहतो तेव्हा तो दोष देऊन सुरुवात करत नाही. तुमची पूजास्थाने मी लक्ष देऊन पाहिली, असे तो आधी सांगतो. त्यांत त्याला एक वेदी दिसली होती, अज्ञात देवाला वाहिलेली. त्या वेदीपासूनच त्याने शुभवर्तमान सांगायला घेतले.

पौलाने आधी पाहिले आणि मग तो बोलला. आपण बहुधा उलटे करतो. शहर पाहण्याआधीच त्याच्याविषयीचे मत आपल्या पिशवीत घडी घालून ठेवलेले असते.

हे आज लिहिण्याचे कारण म्हणजे आपली शिकायला परदेशी निघालेली मुले. आमच्या बेळगावच्या आसपासच्या प्रत्येक धर्मग्रामात आता अशी दोनचार घरे आहेत. निरोपाच्या दिवशी फादर आशीर्वाद देतात, आई लोणच्याची बरणी नीट गुंडाळून देते, आजी जपमाळ हातात ठेवते. आणि कोणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, "सांभाळून राहा बाळा, तिकडे लोक देवाला विसरलेत. चर्चेस रिकामी पडलीत." काही महिन्यांनी मुलाचे फोटो येतात. उंच मनोरे, रंगीत काचा, रिकामी बाके. मग आपण समाधानाने मान डोलावतो. बघा, आम्ही म्हणत होतोच.

माझे म्हणणे असे आहे की या वाक्याने आपण मुलांचे नुकसान करतो, आणि आपलेही. एखादे चर्च रिकामे का झाले, हा प्रश्न जो विचारत नाही, त्याला आपले चर्च भरलेले का आहे हेही ठाऊक नसते.

मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. माझ्या वर्गात शिकून गेलेली एक मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. तिथून प्राग आगगाडीने साधारण अडीच तासांवर आहे. पहिली मोठी सुट्टी मिळाली तशी ती मैत्रिणींबरोबर प्राग पाहायला गेली. जुन्या शहराच्या मोठ्या चौकातून तिने मला एक फोटो पाठवला. त्यात ना मनोरा होता, ना ते प्रसिद्ध घड्याळ. होती फक्त जमिनीची फरशी आणि तिच्यात बसवलेले पांढरे क्रूस. खाली लिहिले होते, "टीचर, इथे लोक क्रूसांवरून चालत जातात. हे काय आहे?"

मला तो प्रश्न फार आवडला. त्या चौकात हजारो लोक मान वर करून १४१० सालचे घड्याळ वाजण्याची वाट पाहत असतात. तिने खाली पाहिले. आता त्या क्रूसांची गोष्ट ऐका.

ते क्रूस सत्तावीस आहेत. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर लढाई झाली. बोहेमियाच्या, बहुतांशी प्रोटेस्टंट, सरदारांनी हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड केले होते. सम्राट कॅथलिक होता. बंडखोर हरले. पुढच्या वर्षी, २१ जून १६२१ रोजी, याच चौकात सत्तावीस जणांना देहान्ताची शिक्षा दिली गेली. सरदार होते तसे साधे नागरिकही होते. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर वर्षानुवर्षे टांगून ठेवली होती. मग १६२७ साली नवा कायदा आला. देशात कॅथलिक धर्म तेवढाच राहील. बाकीच्यांनी एक तर धर्म बदलावा नाहीतर देश सोडावा. हजारो घरे देश सोडून गेली. आधुनिक शिक्षणाचा एक जनक मानला जाणारा कोमेनियस हा त्या निर्वासितांपैकीच. इतर ख्रिस्ती पंथांना पुन्हा मोकळीक मिळाली ती १७८१ साली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी.

मी कॅथलिक आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण त्या मुलीने विचारले होते, आणि तिला खरे उत्तर मिळण्याचा हक्क होता.

त्याच चौकाच्या मध्यावर यान हुस याचे मोठे स्मारक आहे. हुस हाही एके काळी खेड्यातून प्रागला आलेला गरीब विद्यार्थीच होता. तिथल्या विद्यापीठात शिकला, धर्मगुरू झाला, पुढे त्याच विद्यापीठाचा प्रमुखही झाला. चौकापासून थोड्या अंतरावर बेथलेहेम चॅपेल आहे. ते १३९१ साली उभारायला घेतले ते एका खास कारणासाठी: लोकांना त्यांच्या स्वतःच्या चेक भाषेत प्रवचन ऐकता यावे. उपासनेची भाषा तेव्हा लॅटिन होती. १४०२ पासून हुस तिथे प्रवचन देऊ लागला. त्या साध्या वास्तूत तीन हजारांच्या आसपास माणसे मावत, आणि ती भरून जात. पापदंडाच्या माफीची पत्रे पैसे घेऊन देण्यावर त्याने टीका केली. वाद वाढत गेला. सुरक्षिततेची हमी देऊन त्याला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे बोलावले गेले. हमी पाळली गेली नाही. ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले.

त्यानंतर जे घडले त्यात कोणाचेच हात स्वच्छ राहिले नाहीत. हुसच्या अनुयायांनीही मठ जाळले, माणसे मारली. त्या चौकात मारिया मातेचा एक स्तंभ आहे. तो पहिल्यांदा १६५० साली उभारला गेला. १९१८ साली देश स्वतंत्र झाला आणि आठवडाभरात जमावाने तो पाडला, कारण त्यांच्या लेखी तो परक्या सत्तेची खूण होता. जिच्या लेकराला सत्तेने क्रूसावर दिले, त्या माउलीच्या स्तंभाला लोकांनी सत्तेचे प्रतीक मानावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? २०२० साली त्याची प्रतिकृती पुन्हा तिथे उभी राहिली. आज हुस आणि मारिया माता एकाच चौकात, एकमेकांच्या नजरेसमोर आहेत.

प्रागमध्ये आपल्या ओळखीची माणसेही भेटतात. चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ सालची. त्याच्या दोन्ही कडांना संतांचे तीस पुतळे आहेत. त्यांत एक आपल्या संत फ्रान्सिस झेवियरचा आहे. जुन्या गोव्यात ज्याच्या शवपेटीपुढे आपण रांगेत उभे राहतो, डिसेंबरच्या फेस्ताला आपल्या भागातले भाविक ज्याच्यासाठी पायी जातात, तोच. मूळ पुतळा १७११ सालचा. १८९० च्या पुरात तो नदीत कोसळला, आता आहे ती प्रतिकृती. संत वर उभा आहे आणि त्याच्या पायाखालचा चौथरा दूरदेशींच्या माणसांनी अंगावर पेललेला आहे. आमची मुलगी त्या पुतळ्यापुढे बराच वेळ थांबली. "टीचर, ती खाली वाकलेली माणसे म्हणजे आपणच ना?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. काही प्रश्न मुलांना स्वतःजवळ ठेवू द्यावेत.

त्याच पुलावर एक मोठा क्रूस आहे आणि त्याच्याभोवती सोनेरी हिब्रू अक्षरे आहेत. यशयाने ऐकलेल्या त्रिवार पवित्र या स्तुतीचे ते शब्द. कानाला गोड वाटते. पण १६९६ साली एका यहुदी माणसाला शिक्षा म्हणून ती अक्षरे स्वतःच्या खर्चाने बसवायला लावली होती. त्यांच्या प्रार्थनेचे शब्द त्यांनाच खिजवण्यासाठी वापरले गेले. २००० साली तिथे खुलासा करणारा फलक लावला गेला. स्वतः यहुदी असलेल्या आपल्या प्रभूच्या क्रूसाभोवती हे घडले, याचा विचार आपण करायला हवा.

आणि बाळ येशू! नाशिक रोडच्या यात्रेला आपल्यापैकी किती जण जाऊन आले असतील. ज्या मूळ मूर्तीवरून ही भक्ती जगभर पसरली, ती प्रागच्या विजयी मातेच्या चर्चमध्ये आहे. जेमतेम दीड फुटांची मूर्ती. १६२८ साली पोलिक्सेना नावाच्या एका सरदारपत्नीने ती कार्मेलाइट संन्याशांना दिली. पण ते चर्च आधी कोणाचे होते? जर्मन ल्यूथरन लोकांनी ते बांधले होते. पांढऱ्या टेकडीच्या लढाईनंतर ते त्यांच्याकडून गेले आणि १६२४ मध्ये कार्मेलाइटांना मिळाले. पुढे १६३१ साली सॅक्सनीचे प्रोटेस्टंट सैन्य प्रागमध्ये शिरले. चर्च लुटले गेले आणि बाळ येशूची मूर्ती वेदीमागच्या अडगळीत फेकली गेली. तिचे हात तुटले. काही वर्षांनी एका धर्मगुरूला ती तिथे सापडली. ज्या सॅक्सनीतून ते सैन्य आले, तिथेच ड्रेस्डेन आहे. आमची मुलगी तिथूनच आली होती, हातात आजीची जपमाळ घेऊन.

मला ते तुटलेले हात फार बोलके वाटतात. एकाने दुसऱ्याचे मंदिर घेतले, दुसऱ्याने येऊन मोडतोड केली, आणि दोघांच्या भांडणात हात तुटले ते बाळ येशूचे.

इथे कोणी म्हणेल, पोरे दोन दिवस हिंडायला गेली, त्यांना पूल पाहू द्या, फोटो काढू द्या, हा जड इतिहास कशाला? त्यांनी फोटो जरूर काढावेत. व्लतावा नदीवरची संध्याकाळ देवानेच दिलेली आहे. पण क्रूस पायाखाली असताना ते दिसू नयेत, असा डोळा आपण त्यांना देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ख्रिस्ती लोकांची पापे मुलांना दाखवली तर त्यांची श्रद्धा डळमळेल, अशी भीती मी आईबापांच्या तोंडून ऐकली आहे. ती भीती मला समजते. पण मुले ते पाहणारच आहेत. आपण सांगितले नाही तर फलक सांगेल, वाटाड्या सांगेल, वर्गातला सोबती टिंगल करत सांगेल. मग मुलांना वाटेल की घरच्यांनी हे लपवले, तर आणखी काय काय लपवले असेल? श्रद्धा डळमळते ती बहुतेक वेळा अशा लपवाछपवीने.

शिवाय आपल्याला प्रभूचे उदाहरण आहे. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांमध्ये आला तेव्हा त्याने आपल्या जखमा झाकल्या नाहीत. संत योहानाच्या शुभवर्तमानात तो थोमाला हात आणि कूस दाखवतो. त्या जखमा पाहूनच थोमाचा विश्वास जागा झाला. मंडळी म्हणजे ख्रिस्ताचे शरीर असे आपण मानतो, तर त्या शरीराच्या जखमाही आपल्याच आहेत. काही इतरांनी केल्या, काही आपल्याच माणसांनी. १९९९ च्या डिसेंबरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. तेव्हा त्या मृत्यूला पाचशे चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. उशीर झाला, पण त्या खेदाने चर्च लहान झाले असे मला वाटत नाही.

आता रिकाम्या बाकांकडे येऊ. चेक प्रजासत्ताकाच्या २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदवले. का? एकच कारण सांगणे खोटे ठरेल. चाळीस वर्षे कम्युनिस्ट राजवट होती. १९५० साली मठ बंद केले गेले, धर्मगुरू तुरुंगात गेले. प्रागचे आर्चबिशप योसेफ बेरान यांनी आधी नाझींची छळछावणी सोसली आणि पुढे कम्युनिस्टांची स्थानबद्धता. १९६९ साली ते रोममध्ये, मायदेशाबाहेर वारले. २०१८ साली त्यांचे अवशेष प्रागला परत आणून सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये ठेवले गेले. हे कॅथेड्रल १३४४ साली सुरू झाले आणि १९२९ मध्ये पुरे झाले. लोक तिथे उंच कमानी पाहायला जातात. मी मुलांना सांगेन, बेरान यांच्या कबरीपाशीही एक प्रार्थना म्हणा. त्या देशातली श्रद्धा पायदळी तुडवली गेली, ती काही आळसाने झोपी गेली नाही.

पण कम्युनिस्ट येण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट घडून गेली होती. धर्म हा राजाचा हुकूम झाला होता. हुकुमाने बाके भरता येतात. पण हुकुमाने बसलेला माणूस हुकूम सैल झाला की उठतो, आणि जाताना मनात राग घेऊन जातो. तो राग नातवंडांपर्यंत पोचतो, मग नातवंडांना कारण आठवत नसले तरी. मला प्रागच्या रिकाम्या बाकांमागचे एक मोठे कारण हे दिसते.

आपल्या दाराशीही अशीच गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी इथल्या लोकांची भाषा शिकून मराठीत ओव्या रचल्या. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. तारणाची कथा लोकांच्या ओवीत आली. आणि त्याच गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. एकाने लोकांची भाषा उचलली, दुसऱ्याने ती तोडायला निघण्याचा हुकूम दिला. ओवी अजून आहे. फर्मान कुठे आहे? बेथलेहेम चॅपेलचेही तसेच झाले. ते १७८६ साली पाडले गेले, पण लोकांच्या मनातून गेले नाही. १९५० च्या दशकात ते पुन्हा उभे राहिले, तेही देव न मानणाऱ्या राजवटीत. आज एका विद्यापीठाचे पदवीदान समारंभ तिथे होतात.

म्हणून प्रागचा प्रश्न मला आपल्याकडे आणावासा वाटतो. आपल्या घरांत आज मराठी आहे, आजीची कोकणी आहे, शाळेत इंग्रजी आहे, कचेरीत कन्नड आहे. इंदूर-बडोद्याच्या मराठी ख्रिस्ती घरांत हिंदी-गुजराती असेल, हैदराबादेत तेलुगू. आपल्या मुलाला प्रभूशी बोलायला यांतली कोणती भाषा मनापासून येते, हे आपण कधी विचारले आहे का? मराठी शास्त्रपाठ न अडखळता वाचू शकणारी किती मुले आपल्या वर्गात आहेत? प्रार्थना पाठ आहेत, पण अर्थ विचारला की मुले एकमेकांकडे बघतात. दृढीकरण संस्काराच्या वर्गाला हजेरी भरते, कारण हजेरी सक्तीची असते. संस्कार झाला की पुढच्या रविवारी ती बाके कोण बसून भरते, ते मोजून पाहा. हुकूम आपल्याकडेही आहे, फक्त तो राजाचा नसून आईबापांचा आणि वर्गाच्या वहीचा आहे.

मुले परदेशी गेल्यावर श्रद्धा सोडतील या भीतीवरचा उपाय निघण्याच्या दिवशी करता येत नाही. तो दहा वर्षे आधी, त्यांच्या भाषेत, त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे देऊन करायचा असतो.

निघालेल्या मुलांना मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एखादे जुने शहर पाहायला जाल तेव्हा निदान एका चर्चमध्ये उपासनेच्या वेळी जा. तिकीट काढून जे चर्च पाहता, त्याच गावात कुठेतरी दहा-बारा म्हाताऱ्या माणसांची मिस्सा चालू असते. भाषा कळली नाही तरी भाकर मोडण्याचा क्षण कळतो. त्यांच्या बाकावर जाऊन बसा, एक बाक तेवढे कमी रिकामे राहील. दुसरे, जमिनीकडेही पाहा. शहराचा अभिमान मनोऱ्यात असतो आणि पश्चात्ताप बहुधा फरशीत. तिसरे, जे खुपेल ते लपवू नका. घरी लिहा, विचारा.

आणि घरच्यांनो, असा प्रश्न आला तर घाबरून गप्प करू नका. मार्कच्या शुभवर्तमानात एक शिष्य यरुशलेमच्या मंदिराचे भव्य दगड पाहून भारावून जातो आणि प्रभूला ते दाखवतो. प्रभू त्याला रागवत नाही. हे दगड टिकणार नाहीत, असे खरे ते त्याला सांगतो. पुढे जैतुनाच्या डोंगरावर बसून शिष्यांचे प्रश्न ऐकतो आणि सविस्तर उत्तर देतो. आपणही तेवढे करू शकतो. बसावे, ऐकावे, खरे सांगावे.

हे प्रभू, आमच्या दूर गेलेल्या लेकरांना पाहणारे डोळे दे, आणि मागे राहिलेल्या आम्हांला खरे बोलण्याचे धैर्य दे. आमेन.